चालती राहिली म्हणून टिकलेली डिझेल गाडी

डिझेल गाडी घ्यावी की नाही, असे मला कोणी विचारले तर मी आधी दोन गोष्टी विचारून घेतो. गाडी वर्षाला किती किलोमीटर चालणार आहे, आणि त्यांतील किती अंतर ती एका दमात, इंजिन पूर्ण गरम झालेले असताना कापणार आहे? किंमत, ॲव्हरेज, सर्व्हिसचा खर्च, पुढे विकताना येणारी रक्कम हे सगळे मुद्दे महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांची उत्तरे या दोन प्रश्नांवर अवलंबून असतात. २०१२ पासून मी एकच डिझेल गाडी वापरतो आहे. तिने दोन लाख किलोमीटरचा टप्पा केव्हाच ओलांडला आणि या सगळ्या काळात माझे हे मत अधिकाधिक पक्के होत गेले.

माझा व्यवसाय द्राक्षबागांना सल्ला देण्याचा आहे. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर आणि त्याहून अधिक ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर सकाळी नाशिक सोडायचे, दिंडोरी, वणी, पिंपळगाव बसवंत, निफाड, चांदवड अशा भागांतील बागा पाहायच्या आणि अंधार पडल्यावर परतायचे, असा अनेक वर्षांचा क्रम आहे. मुख्य रस्ता चांगला असला तरी शेवटचे दोन-तीन किलोमीटर बहुधा शिवाररस्त्याचे असतात. गाडीच्या मागच्या भागात देठ परीक्षणाचे आणि मातीचे नमुने, औषधांचे खोके आणि पावसाळ्यात गमबूट असतात. अशा कामासाठी उंच चाकांची आणि मोठ्या डिकीची डिझेल सेडान मला योग्य वाटली आणि मी महिंद्राची व्हेरिटो घेतली.

या गाडीचे नाशिकशी असलेले नाते बाहेरगावच्या लोकांना फारसे माहीत नसते. महिंद्रा आणि रेनॉ या कंपन्यांच्या संयुक्त प्रकल्पातून २००७ मध्ये लोगन बाजारात आली, ती नाशिकच्या कारखान्यात तयार होत असे. २०१० मध्ये ही भागीदारी संपली, महिंद्राने रेनॉचा हिस्सा विकत घेतला आणि २०११ मध्ये तीच गाडी व्हेरिटो या नावाने पुढे चालू राहिली. तिचे १,४६१ सीसीचे इंजिन मात्र रेनॉचेच, के९के या सांकेतिक नावाने जगभर ओळखले जाणारे. सुमारे ६५ अश्वशक्ती ही काही मोठी ताकद नव्हे, परंतु १६० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपासच मिळत असल्याने भरलेली गाडी कसाऱ्याचा किंवा सावळ घाटाचा चढ तक्रार न करता चढते. डिकी ५१० लिटरची आहे. मागची आसने रुंद आहेत आणि त्यांची उंची अशी आहे की माझ्या आईला, तिचे गुडघे दुखू लागल्यानंतरही, गाडीत बसताना किंवा उतरताना कोणाचा हात धरावा लागत नाही. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण घरात ज्येष्ठ माणूस असेल तर ती इंजिनाच्या ताकदीइतकीच महत्त्वाची आहे.

त्या काळी डिझेल गाडी घेण्याचे गणित सोपे होते. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोलचे दर एकदम साडेसात रुपयांनी वाढले तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्येच नियंत्रणमुक्त केले होते, डिझेलचे मात्र अजून केले नव्हते, म्हणून ही दरी एवढी रुंद झाली होती. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर दरमहा थोडा थोडा वाढवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून दोन्ही इंधनांचे दर रोज बदलू लागले. २०२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोल १०४ रुपयांच्या आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते, म्हणजे बत्तीस रुपयांची दरी चौदा रुपयांवर आली. यावरून डिझेलचा फायदा निम्म्याहून कमी झाला, असा निष्कर्ष लोक काढतात. तो मला पटत नाही.

हिशोब लिटरवर न करता किलोमीटरवर करून पाहावा. त्या वेळची पेट्रोल सेडान लिटरला १४ किलोमीटर आणि माझी गाडी १९ किलोमीटर चालते असे धरले, तर २०१२ च्या दिल्लीतील दरांनी पेट्रोलला किलोमीटरमागे सव्वापाच रुपयांच्या जवळपास आणि डिझेलला सव्वादोनच्या आत खर्च येत होता. फरक सुमारे तीन रुपयांचा. २०२५ च्या दरांनी तेच आकडे साडेसातच्या आत आणि पावणेपाचच्या जवळ येतात, म्हणजे फरक अजूनही अडीच रुपयांच्या वर आहे. डिझेलचा फायदा दर जवळ आल्यामुळे जेवढा कमी झाला, त्याहून कितीतरी अधिक तो पेट्रोलची इंजिने सुधारल्यामुळे कमी झाला. आजची पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर चालत असेल तर हा फरक एका रुपयावर येतो. सीएनजीचे पंप नाशिकमध्ये आणि महामार्गावर झाल्यापासून तर कमी खर्चाचा मान डिझेलकडे राहिलेलाच नाही. त्या एका रुपयातून डिझेल गाडीची जास्तीची किंमत आणि तिच्या देखभालीचा जास्तीचा खर्च वसूल व्हायचा असेल, तर वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. माझे वर्षाचे अंतर त्याच्या दुपटीहून अधिक असे, म्हणून मला गाडी परवडली.

आता देखभालीविषयी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी इंधन पेटवते. डिझेलमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती तापून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. आधुनिक कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीत, हे डिझेल हजार बारहून (बार हे दाबाचे एकक) अधिक दाबाने इंजेक्टरच्या अतिशय बारीक छिद्रांतून बाहेर पडते. पंप आणि इंजेक्टर यांच्या आतील भागांना वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्यांचे वंगण. त्यामुळे डिझेलमध्ये पाणी, धूळ किंवा भेसळ असेल तर सर्वांत महाग भाग सर्वांत आधी झिजतात. माझ्या अनुभवात डिझेल गाडीच्या देखभालीचा अर्धा भाग इंधन स्वच्छ राखण्यातच आहे, आणि गाडीचे मालक नेमके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात.

नाशिक जिल्ह्यात इंधनातील भेसळीविषयी लिहिताना मला थोडे थांबावे लागते. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात इंधन कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि उत्तर महाराष्ट्रातील पुष्कळ पंपांचे टँकर तिथून भरून निघतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी याच भागात रॉकेलचा काळाबाजार चालू असलेला पाहिला, ते थांबले, त्यांनी चित्रीकरण सुरू केले आणि तेथील टोळीने त्यांना जिवंत जाळले. रेशनचे रॉकेल तेव्हा सवलतीत, डिझेलच्या निम्म्याहूनही कमी दराने मिळत असे, आणि ते डिझेलमध्ये मिसळण्यात या लोकांचा नफा होता. रॉकेलचे अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने संपवण्यात आले, त्यामुळे या भेसळीमागचे मोठे कारणच नाहीसे झाले. परंतु आपल्या टाकीत जाणारे डिझेल शुद्ध असावे यासाठी या जिल्ह्यात एका अधिकाऱ्याने प्राण दिले आहेत, हे पंपावर उभे असताना मला विसरता येत नाही. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते आणि त्याची वंगणक्षमता अगदी कमी असते. जुन्या काळच्या यांत्रिक पंपाने ते काही काळ सहन केले असते, कॉमन रेलचा पंप करत नाही.

त्यामुळे मी सहसा ठरलेल्या दोन पंपांवरच डिझेल भरतो. दोन्ही ठिकाणी ट्रकची वर्दळ असते, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतील साठा लवकर संपतो आणि नवा येतो. टाकी पाव भागापेक्षा खाली जाऊ देत नाही. टँकर नुकताच रिकामा होत असेल तर त्या पंपावरून पुढे जातो, कारण ओतताना तळाशी बसलेला गाळ आणि पाणी ढवळले जाते. घनतेची नोंद पाहण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने तपासणी करून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, तो शंका येईल तेव्हा जरूर वापरावा. विनयाने मागितले तर बहुतेक ठिकाणी दाखवतात.

एवढी काळजी घेऊनही एका पावसाळ्यात प्रसंग आलाच. घरापासून लांब, महामार्गावरच्या एका अनोळखी पंपावर डिझेल भरावे लागले आणि साधारण तासाभरात गाडीचा पिकअप गेला. इंजिनाचा दिवा लागला, गाडी कशीबशी चाळीसच्या वेगाने चालत राहिली. मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : "साहेब, पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी बाजूला घ्या, मी टोइंग पाठवतो." दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केल्यावर आधी डिझेल आले नाही, गढूळ पांढरट पाणी आले. टाकी खाली उतरवून धुतली, सगळ्या नळ्या साफ केल्या, फिल्टर बदलला. मग इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी केली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही काळ चालवायचे आणि कोणत्या बाटलीत किती डिझेल जमते ते पाहायचे, अशी ही साधी चाचणी असते. ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर आतून झिजलेला असतो. आमच्या बाबतीत तो एकच निघाला. तो बदलताना त्याच्यावर छापलेला सांकेतिक क्रमांक संगणकाद्वारे गाडीच्या नियंत्रण यंत्रणेत भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टर बसवूनही इंजिन थरथरत राहते. इंजेक्टर बदलून घेणाऱ्याने तो क्रमांक भरला की नाही हे विचारावे आणि त्याचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवावे. त्या दिवशी मिस्त्रींनी पुन्हा स्टार्टर मारू दिला नाही म्हणून उच्च दाबाचा पंप वाचला, हे माझे ठाम मत आहे. पंप आणि चारही इंजेक्टर एकदम गेले असते तर खर्च लाखाच्या घरात गेला असता आणि गाडीचे आयुष्य तिथेच संपले असते.

तेव्हापासून पावसाळ्यात दर महिन्याला फिल्टरमधील पाणी काढून टाकतो. पाच मिनिटांचे काम आहे. डिझेल फिल्टर तर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या बराच आधी बदलतो, आणि तो चांगल्या दर्जाचाच घेतो. फिल्टरमध्ये वाचवलेले चार-पाचशे रुपये इंजेक्टरच्या बिलात अनेक पटींनी परत द्यावे लागतात.

इंधनानंतर हवा. द्राक्षपट्ट्यातील शिवाररस्त्यांवर डिसेंबरपासून मेपर्यंत जी बारीक धूळ उडते, तिच्यामुळे शहरात वीस हजार किलोमीटर टिकणारा एअर फिल्टर माझ्या गाडीत निम्म्या अंतरातच काळा पडतो. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी मिळते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि मागून काळा धूर येतो. धुराच्या रंगावरून बरेच काही कळते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळते आहे, टर्बोचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा तपासाव्यात. थंडीत चालू केल्यावर क्षणभर दिसणारा पांढरा धूर काळजीचा नसतो. इंजिन गरम झाल्यावरही तो थांबला नाही तर मात्र कुलंटची पातळी लगेच पाहावी. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर मोजला जातो त्यासाठी बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) पूर्वीच्या गाड्यांना ६५ आणि बीएस-४ गाड्यांना ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. त्या पावतीवरील आकडा मी दर वेळी वहीत लिहून ठेवतो. गाडी उत्तीर्ण झाली एवढ्यावर समाधान मानू नये. आकडा मागच्या वेळेपेक्षा वाढत चालला असेल तर आत काहीतरी बिघडू लागले आहे, हे तो बऱ्याच आधी सांगतो.

इंजिन तेल दहा हजार किलोमीटरच्या आतच बदलतो. डिझेलच्या इंजिनातील तेल घातल्यावर काही किलोमीटरांतच काळे होते, त्यात गैर काही नाही, काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. रंगापेक्षा पातळी आणि वय यांकडे लक्ष द्यावे. तेलावर सर्वाधिक अवलंबून असतो तो टर्बो. त्याची चकती मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारू शकते आणि तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलो की मी इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर मंद चालू ठेवतो, कारण एकदम बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेले तेल करपते. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावली आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारे चालक मी अजूनही पाहतो. त्यात बचत काहीच नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणेच बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते सोडावे लागते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि कसाऱ्याच्या उतारावर त्याचे परिणाम काय होतात हे या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टचा विषय या इंजिनाच्या मालकांनी सर्वाधिक गांभीर्याने घ्यायला हवा. मारुती, टाटा, फियाट अशा अनेक गाड्यांत वापरल्या गेलेल्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनात टायमिंगसाठी साखळी असते, के९केमध्ये रबरी पट्टा आहे. हा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून मार्ग उरत नाही. पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करेल, सूचना देईल, अशी आशा बाळगू नये. मी तो ऐंशी हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांतील जे आधी होईल तेव्हा बदलतो, आणि त्याबरोबर टेन्शनर व पाण्याचा पंपही बदलतो. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे जुना पंप ठेवून नवा पट्टा बसवला आणि वर्षभरात पंप गळू लागला, तर मजुरीचा सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. वर्षांची अट लोक विसरतात. गाडी कमी चालली तरी रबराचे वय वाढतच असते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते अधिक वेगाने वाढते.

नाशिकची थंडी हा डिझेल गाडीचा आणखी एक खास विषय आहे. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि पहाटे बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा सकाळी किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबावे, तोवर हीटर प्लग सिलिंडरमधील हवा तापवत असतात. उन्हाळ्यात एखाद-दोन प्लग निकामी झाले तरी गाडी सहज चालू होते आणि बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. म्हणून दिवाळीच्या आत चारही प्लग आणि बॅटरी तपासून घेतो. डिझेलचे इंजिन फिरवायला स्टार्टरला जास्त जोर लागतो, त्यामुळे पेट्रोल गाडीत आणखी वर्षभर निघाली असती अशी बॅटरी इथे पहिल्याच कडाक्याला मान टाकते. बागेत दिवसभर गाडी उभी असते तेव्हा उंदरांनी वायरी कुरतडण्याचा त्रास असतो. बॉनेटखाली नियमित डोकावण्याखेरीज त्यावर मला खात्रीचा उपाय सापडलेला नाही.

क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, इंजिनाचे माउंटिंग हे सगळे वयानुसार बदलत गेलो. यांत डिझेल म्हणून वेगळे सांगण्यासारखे एवढेच की इंजिन जड आणि थरथर अधिक, त्यामुळे पुढचे बुश आणि माउंटिंग थोडे लवकर जातात. सुट्या भागांची चिंता मी सुरुवातीला करत होतो तेवढी करावी लागली नाही. हेच इंजिन रेनॉ डस्टर आणि निसानच्या सनी, मायक्रा, टेरानो या गाड्यांतही असल्याने इंजिनाचे अनेक भाग आणि ते हाताळणारे कारागीर दोन्ही मिळतात. आतले प्लास्टिकचे भाग, दारांच्या कड्या, काचा वरखाली करण्याच्या यंत्रणा यांसाठी मात्र आता जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरावे लागते. उत्पादन बंद झालेल्या कोणत्याही गाडीच्या मालकाला हे करावेच लागते.

कारागिराची निवड ही या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. आमच्या मिस्त्रींकडे निदान करण्याचे यंत्र आहे, पण यंत्राने दाखवलेला दोष वाचून ते लगेच भाग बदलत नाहीत. दाब कमी असल्याचा संदेश आला तर आधी फिल्टर, मग नळ्यांतून हवा शिरते आहे का, मग वायरी आणि शेवटी पंप, असा त्यांचा क्रम असतो. एका कार्यशाळेने पूर्वी माझ्या गाडीचा इंजेक्टर बदलावा लागेल असे लेखी दिले होते, तिथे मिस्त्रींनी परतीच्या नळीचा एक जोड बदलून गाडी दुरुस्त केली. अशा माणसाला त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि त्याने बदललेला प्रत्येक भाग, तारीख, किलोमीटर यांची नोंद स्वतः ठेवावी. माझी ती वही आता गाडीच्या कागदपत्रांइतकीच जपून ठेवलेली आहे.

गेल्या काही वर्षांत माझ्या कामाची पद्धत बदलली. पानांवरील डावणीचे किंवा भुरीचे ठिपके शेतकरी मोबाइलवर छायाचित्र काढून पाठवतात, व्हिडिओ कॉलवर अर्धी पाहणी होते आणि रोजची फेरी आठवड्यातून दोनदा झाली. गाडीला आराम मिळेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. कॉलेज रोड ते गंगापूर रोड, घर ते बाजार अशा पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या वाढल्या आणि ज्या इंजिनाने दीड लाख किलोमीटरपर्यंत ईजीआरचे नावही काढले नव्हते त्याची झडप काजळीने जाम झाली. जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेण्यासाठी ही झडप असते. इंजिन थंड असताना त्या वायूत काजळी जास्त असते आणि तेलाच्या वाफेशी मिसळून तिचा चिकट थर आत साचतो. लांबच्या प्रवासात, इंजिन तापलेले असताना, हा थर फारसा धरत नाही. झडप काढून साफ केली आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी गाडी सिन्नर किंवा इगतपुरीपर्यंत, चौथ्या गिअरमध्ये थोड्या चढ्या फेऱ्यांवर, सलग चालेल अशी कामे मुद्दाम आखतो. धुराचा आकडा पुढच्या पीयूसीत खाली आला.

आज नवी डिझेल गाडी घेणाऱ्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा अधिक लागू पडते. २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, डिझेलमधील गंधक बीएस-३ च्या दशलक्षात ३५० भागांवरून ५० वर आणि नंतर १० वर आले. हवेसाठी हे फार मोठे आणि आवश्यक पाऊल होते. मात्र बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्यात साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे सहाशे अंशांचे तापमान काही मिनिटे टिकावे लागते. शहरातल्या शहरात, सिग्नलवर थांबत चालणाऱ्या गाडीत ते टिकत नाही आणि डीपीएफ चोंदतो. माझी ईजीआरची झडप साफ करून भागले, डीपीएफ बदलायची वेळ आली तर तो खर्च वेगळ्याच पातळीवरचा असतो. समृद्धी महामार्गाने नियमित नागपूरला जाणाऱ्याने किंवा आठवड्याला पुणे-मुंबई करणाऱ्याने डिझेल अवश्य घ्यावे. मुलांना शाळेत सोडण्यासाठी आणि भाजीसाठी ते घेऊ नये.

दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात काढावी लागते, हा गैरसमज नाशिकमध्येही पुष्कळांचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि त्याला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला दुजोरा हे दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरापुरते होते. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील.

नूतनीकरण करावे की गाडी सोडावी, याचा विचार मी भावनेने करणार नाही, जरी या गाडीबद्दल मला मनापासून ममता आहे. वर्षाचे अंतर बारा हजारांच्या वर राहिले, इंजेक्टरची परतीची चाचणी चांगली आली आणि खालचा पत्रा गंजलेला नसला, तर ती आणखी पाच वर्षे ठेवायची, असे मिस्त्रींशी बोलून ठरवले आहे. तिसरा टायमिंग बेल्ट आता जवळ आला आहे. तो पेठ रोडच्या आरटीओत गाडी नेण्यापूर्वी, गोडी छाटणीची धावपळ सुरू होण्याच्या आत, पाण्याच्या पंपासह बदलून घ्यायचा आहे आणि त्याच वेळी टाकी उतरवून धुवायची आहे.